सिमँटेक वेगळं, नॉर्टन वेगळं: काय कुणाकडे गेलं

ऑफिसच्या लॅपटॉपवर सिमँटेकचं अँटिव्हायरस आणि घरच्या कॉम्प्युटरवर नॉर्टनचं, म्हणजे दोन्ही एकाच कंपनीचं, असं बरेच जण अजून धरून चालतात. त्यात नवल नाही, कारण १९९० साली सिमँटेकने पीटर नॉर्टनची कंपनी घेतली तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं ते खरंच होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये वाटे पडले. चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉम कंपनीने १०.७ अब्ज डॉलर मोजून कंपन्यांना सॉफ्टवेअर विकायचा सगळा धंदा घेतला आणि त्याच्याबरोबर सिमँटेक हे नावही घेतलं. खरी गल्लत होते ती इथेच. नाव ब्रॉडकॉमकडे गेलं पण १९८२ सालची, शेअर बाजारात लिस्ट असलेली मूळ कंपनी मागेच राहिली, तिने नॉर्टनलाइफलॉक नाव लावलं, २०२२ मध्ये अवास्ट या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीला घरात घेतलं आणि आता ती जेन डिजिटल आहे. त्यामुळे ज्यांनी सिमँटेकचे जुने शेअर विकले नाहीत त्यांच्याकडे आज जेनचे शेअर आहेत, ब्रॉडकॉमचे नाहीत.

लॉगिन करणारा माणूस किंवा वेबसाइट खरी आहे ना, हे पटवून देण्याच्या, म्हणजे ओळख पटवण्याच्या धंद्यात तर अजून गुंता आहे. लॉगिन करताना ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड येतो ना, ते सिमँटेक व्हीआयपी मूळचं व्हेरिसाइन कंपनीचं, २०१० मध्ये १.२८ अब्ज डॉलरच्या सौद्यात आलेलं, आणि आज ते ब्रॉडकॉमकडे आहे. त्याच सौद्यात आलेला वेबसाइट सर्टिफिकेटचा, म्हणजे वेबसाइट खरी असल्याचा दाखला द्यायचा धंदा मात्र ब्रॉडकॉम आणि जेन दोघांकडेही नाही. सर्टिफिकेट देताना नियम नीट पाळले नाहीत म्हणून गूगलने २०१७ मध्ये सांगून टाकलं की क्रोम ब्राउझर सिमँटेकच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याच वर्षी सिमँटेकने तो धंदा डिजिसर्ट या दुसऱ्या सर्टिफिकेट कंपनीला विकला. माझ्या मते सिमँटेकची पत सगळ्यात जास्त गेली ती तिथे, कारण सर्टिफिकेट देणाऱ्याकडे विकायला विश्वासाशिवाय दुसरं असतंच काय.

साइटमाइंडरचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर कुणाला आत सोडायचं ते बघणाऱ्या सॉफ्टवेअरचं, उलटं आहे. आज ते सिमँटेकच्या नावाने विकलं जातं पण जुन्या सिमँटेकचं ते कधीच नव्हतं. ते नेटेग्रिटी कंपनीचं, २००४ मध्ये सीए नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलं आणि २०१८ मध्ये ब्रॉडकॉमने सीए घेतली तेव्हा तिच्याबरोबर आलं. वेब सर्व्हरवर त्याचा एजंट, म्हणजे पहारा देणारा छोटा प्रोग्रॅम बसतो, आत येणाऱ्या प्रत्येकाबद्दल तो नियम ठेवणाऱ्या पॉलिसी सर्व्हरला विचारतो आणि मग एसएमसेशन नावाची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी खूण देतो, मोठ्या बँकांच्या सिस्टीमवर काम केलेल्यांना ती पाठ असेल.

नॉर्टनच्या बाजूला लाइफलॉक आहे, २०१७ मध्ये २.३ अब्ज डॉलरला घेतलेलं. त्याचा लॉगिनशी संबंध नाही, तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणी कर्ज काढायला गेलं तर तुम्हाला कळवणं हे त्याचं काम, आणि ते मुख्यतः अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी.

पुण्यात २०१० च्या आसपास "मी सिमँटेकला आहे" म्हणणारे खूप भेटायचे, आणि त्यातले कितीतरी खरं तर व्हेरिटास या डेटा-बॅकअपच्या कंपनीचे, २००५ च्या विलीनीकरणामुळे आत आलेले. ते नेटबॅकअप या व्हेरिटासच्या बॅकअप सॉफ्टवेअरवर काम करत असतील तर त्यांचं प्रॉडक्ट ना ब्रॉडकॉमकडे गेलं ना जेनकडे. व्हेरिटास २०१६ मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीच्या गटाला विकली गेली, आणि डिसेंबर २०२४ पासून नेटबॅकअप कोहेसिटी या डेटा सांभाळणाऱ्या कंपनीकडे आहे.