काटेकोरपणा आणि परफेक्शनचा हट्ट: फरक टॉलरन्सचा

कोल्हापुरात कामाला दाद द्यायची तर ‘एक नंबर’ म्हणतात. ही दाद मिळावी म्हणून झटणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाचं काम नेमकं असतं आणि ठरल्या दिवशी हातात पडतं. दुसरा म्हणतो, करीन तर एक नंबरच करीन, आणि वर्षभर सुरुवातच करत नाही. घरचे दोघांबद्दल एकच वाक्य बोलतात, ‘फार काटेकोर आहे हो.’ इथंच गल्लत होते. पहिल्याचा काटेकोरपणा हा गुण आहे. दुसऱ्याचा हट्ट त्याच गुणाचे कपडे घालून बसलेला असतो, म्हणून तो सोडायची वेळ आली की आपलं काही मोलाचं सुटतंय असं वाटतं.

हा फरक मानसशास्त्रात नवा नाही. डॉन हॅमाचेक यांनी 1978 मध्येच परफेक्शनिझमचे ‘सामान्य’ आणि ‘न्यूरॉटिक’ असे दोन भाग केले होते. पहिल्या प्रकारच्या माणसाला कष्टातून समाधान मिळतं आणि प्रसंग पाहून तो नेमकेपणा थोडा सैल करू शकतो. दुसऱ्याला कितीही केलं तरी पुरेसं वाटत नाही. पण हा फरक रोजच्या कामात ओळखायचा कसा? त्यासाठी शिवाजी उद्यमनगरातला किंवा शिरोली एमआयडीसीतला एखादा ड्रॉइंगचा कागद जास्त उपयोगी पडतो.

समजा, 50 मिलिमीटर व्यासाचा आणि 200 मिलिमीटर लांबीचा शाफ्ट, म्हणजे मशीनचा गोल दांडा, करायचा आहे. बेअरिंग बसतं त्या जागेला ड्रॉइंगवर ‘एच-सिक्स’ लिहिलंय. म्हणजे व्यास 49.984 ते 50.000 मिलिमीटरच्या आतच हवा, 16 मायक्रॉनचा पट्टा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मापात चालणाऱ्या या फरकालाच टॉलरन्स म्हणतात. लांबीपुढं वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि ड्रॉइंगला आयएसओ 2768 या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग लागू असेल, तर 199.5 पासून 200.5 पर्यंत काहीही चालतं. हा पट्टा 1000 मायक्रॉनचा झाला. एकाच शाफ्टवर दोन मापांच्या सवलतीत साठपटीहून जास्त फरक! आणि यात ढिलाई कुठंच नाही. बेअरिंगच्या जागी चूक झाली तर मशीन आवाज करेल, तापेल. लांबी अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाल्यानं कुणाचंच काही बिघडत नाही. हा विचार करून ज्यानं आकडे लिहिले, तो काटेकोर.

हट्टी माणूस लांबीलाही 16 मायक्रॉन मागतो. मग टोकंही ग्राइंड करावी लागतात, जॉबचा, म्हणजे घडवायच्या त्या भागाचा, खर्च वाढतो, तारीख टळते आणि मशीन तर आधीपेक्षा काडीचंही चांगलं चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे, जिथं खरंच जीव ओतायला हवा होता त्या बेअरिंगच्या जागेसाठी वेळ आणि लक्ष उरत नाही. कित्येकदा तर तो कसलाच टॉलरन्स देत नाही, ‘बरोबर 50’ मागतो. शून्य टॉलरन्सचं माप कुठलंच मशीन देऊ शकत नाही. त्यामुळं तो जॉब कायमचा रिजेक्ट, म्हणजे मुळात न केलेलाच बरा.

दुसरा फरक कामाच्या क्रमात दिसतो. 56 मिलिमीटरच्या बारमधून हा शाफ्ट काढताना आधी दोन्ही बाजूंनी रफ कट घेतात, व्यासावर अर्धा ते एक मिलिमीटर माल राखून. फिनिशिंग नंतर. एक टोक आधीच चकचकीत करून मग उरलेलं रफ कापायला घेतलं तर काय होतं? जड कट घेताना जॉब तापतो, वरचा थर निघाला की धातूत अडकलेला ताण सुटतो, जॉब किंचित वाकतो आणि आधी मापात आणलेलं टोक मापाबाहेर जातं. शिवाजी विद्यापीठातला एखादा संशोधक प्रबंधाचं पहिलं पान तीन आठवडे घोटतो तेव्हा नेमकं हेच घडतं. चौथं प्रकरण लिहून झाल्यावर मुद्दाच थोडा सरकतो आणि घोटलेलं पान फेकावं लागतं. ते फेकवत नाही, म्हणून मग चौथं प्रकरणच लिहिलं जात नाही.

इथं एक शंका हमखास येते: ‘म्हणजे कसंही करून उरकायचं का?’ नाही. रफ कास्टिंग (साच्यात ओतलेला कच्चा भाग) आणि रिजेक्ट कास्टिंग यातला फरक फौंड्रीतल्या कुणालाही विचारा. रफ कास्टिंग खडबडीत असतं, कारण मशीनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर माल जाणूनबुजून जास्त ठेवलेला असतो. रिजेक्टमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत वायूची पोकळी, असतो, कारण साच्याच्या वाळूत ओल राहिली किंवा वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. बाहेरून दोन्ही ओबडधोबडच. पण एकाला पुढची पायरी आहे, दुसरं परत भट्टीत जातं. पहिला खर्डा रफ कास्टिंगसारखा असावा: भाषा खडबडीत चालेल, मुद्दा पोकळ चालणार नाही.

आता हे घरच्या कामात कसं उतरवायचं ते पाहू. कांदा-लसूण चटणीचा घरगुती व्यवसाय काढायचं ठरवून दोन उन्हाळे घालवलेल्या कितीतरी जणी आहेत. ब्रँडचं नाव ठरत नाही, लोगो आवडत नाही, बरण्या काचेच्या की पाकिटं यावर घोडं अडतं. अशा वेळी कागदावर दोन रकाने पाडावेत. पहिल्यात 16 मायक्रॉनवाल्या गोष्टी. कांदा तळून किंवा वाळवून इतका कोरडा झाला पाहिजे की बोटांनी चुरला जाईल; ओल राहिली तर चटणीला बुरशी येते. मिरची कडक वाळलेली, खोबरं खवट नसलेलं, भरायची भांडी आणि चमचे कोरडे. विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख. यात तडजोड नाही. दुसऱ्या रकान्यात अर्ध्या मिलिमीटरवाल्या गोष्टी: लोगो, रंग, बरणीचा आकार, इन्स्टाग्रामवरचे फोटो. पहिल्या खेपेला अर्धा किलोच मिरची घ्या, संकेश्वरी आणि ब्याडगी मिळून. शंभर-शंभर ग्रॅमची दहा पाकिटं सहज भरतील. ती नात्यात चवीला द्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: मीठ, तिखट, तेल यातलं काय कमी-जास्त वाटलं? ‘कशी झालीय?’ असं विचारलं तर सगळे ‘छान’ म्हणतील आणि हाती काही लागणार नाही. दुसऱ्या खेपेला एकच घटक बदला. दोन बदलले तर चव कशामुळं सुधारली हे कळायला मार्ग राहत नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांत हा हट्ट ‘आधी सिलॅबस पूर्ण, मग उत्तरलेखन’ या वाक्यात लपलेला असतो. यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी 3 तासांत 20 प्रश्न असतात, म्हणजे एका उत्तराला सरासरी 9 मिनिटं. ही सवय वाचून लागत नाही. पहिला आठवडा रोज एकच उत्तर लिहा, पुस्तक उघडं ठेवून, 20 मिनिटांत. दुसऱ्या आठवड्यात पुस्तक मिटून 15 मिनिटांत. मग 9 वर या. घड्याळ थांबलं की पेन खाली, वाक्य अर्धं असलं तरी. अर्धं वाक्य बघवत नाही म्हणून दोन मिनिटं जास्त घेणं, हीच ती हट्टाची जागा.

लहान सुरुवातसुद्धा फसते. सगळ्यात जास्त फसते ती तयारीलाच सुरुवात समजल्यानं. नवी वही, पाच रंगांची पेनं, वेळापत्रकाचा तक्ता हे सगळं लेथभोवतालची जागा झाडण्यासारखं आहे. धातूच्या चिप्स पडल्या नाहीत तर काम सुरू झालेलं नाही. दुसरी चूक म्हणजे ‘रोज थोडं करीन’ असं मोघम ठरवणं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 1990 च्या दशकात मांडलेली ‘अमुक झालं की तमुक करीन’ ही पद्धत इथं कामी येते: ‘सकाळचा चहा झाला की त्याच खुर्चीत पाच ओळी लिहीन.’ वेळ, जागा, माप तिन्ही ठरलेलं. तिसरी चूक खाडा पडल्यावर होते. एक दिवस चुकला की हट्टी मन म्हणतं, साखळी तुटली, आता एक तारखेपासून. तालमीत मात्र खाडा करून आलेल्या पोराला वस्ताद दुसऱ्या दिवशी दुप्पट बैठका काढायला लावत नाहीत, नाहीतर मांड्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशीही पोरगं येत नाही. चुकलेलं भरून काढायचं नाही, नेहमीचं माप तेवढं करायचं.

टॉलरन्स कधी ठरवायचा, हाही मुद्दा आहे. कामाआधी, आणि लिहून. काम झाल्यावर ठरवला तर निकाल वाईट आला म्हणून सैल केला जातो, किंवा चांगला आला की ‘यात काय विशेष’ म्हणून घट्ट केला जातो. दोन्हीत स्वतःची फसवणूकच होते.

हट्ट नेहमी स्वतःचाच असतो असंही नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युईट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषपणा मागणं, इतरांकडून मागणं, आणि लोक आपल्याकडून तो मागताहेत असं वाटत राहणं. तिसरा प्रकार म्हणजे आपलं ‘लोक काय म्हणतील’. त्यावर नुसतं छोटं पाऊल पुरत नाही. तपासलेलंच परत परत तपासणं, झोप उडणं, चुकीच्या भीतीनं परीक्षा किंवा नोकरीच टाळणं इथवर गोष्ट गेली असेल तर समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकी कामांसाठी एक साधा तक्ता पुरतो. वहीचं पान, चार रकाने: काम, कुठं चूक चालणार नाही, कुठं चालेल, आणि फिनिशिंगचे हात किती. शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात, म्हणून काम संपतच नाही. पत्राला एक हात, लेखाला दोन, प्रबंधाच्या प्रकरणाला तीन. पेनानं लिहा, पेन्सिलीनं नको. पेन्सिलीचा आकडा रात्री अकरा वाजता हमखास खोडला जातो.