जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही? पंप उघडण्याआधी हे पाहा

शेतकरी बांधवांनो,

महिंद्रा २६५, मॅसी १०३५ यांसारखे जुने ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडून बसतात आणि घाईत पहिला पाना डिझेल पंपाला लागतो. आमची कळकळीची विनंती आहे की, पंपाला शेवटी हात लावा. एकदा उघडलेला पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे मशीनवर लावून त्याचे डिझेलचे माप पुन्हा जुळवावे लागते, आणि तो खर्च बऱ्याचदा टाळता येण्याजोगा असतो.

डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगीचा प्लग नसतो. दाबलेली हवा तापते आणि त्यात नोझलची फवार पडली की डिझेल पेटते. म्हणून आधी दोनच गोष्टी पाहायच्या: सेल्फ (स्टार्टर) मारल्यावर इंजिन जोरात फिरते का, आणि सायलेन्सरमधून धूर येतो का.

सेल्फ फिरत नाही किंवा रडतो

हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंदावली तर बॅटरी किंवा टर्मिनल तपासा. लाइट तशीच लख्ख राहिली आणि काहीच हलले नाही, तर स्टार्टर स्विच, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा क्लच-न्यूट्रलचा सेफ्टी स्विच पाहावा लागेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. अर्थ वायर चासीला जिथे बसते तिथला गंज मात्र हमखास विसरला जातो. बॅटरी नवी टाकूनही सेल्फ रडत असेल तर आधी तिथे पाहा. चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्याही खाली गेला तर बॅटरी दमली आहे. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

इंजिन फिरते, पण धूर नाही

म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. टाकीचा कॉक उघडा आहे का? स्टॉपची (इंजिन बंद करायची) वायर ओढलेल्या जागीच अडकली आहे का? बॉनेट उघडून पंपावरची स्टॉपची दांडी हाताने हलवून बघा, ती पूर्ण मागे यायला हवी. फिल्टरच्या वाटीत पाणी दिसले तर काढून टाका. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत पाणी धरते.

एवढे ठीक असेल तर डिझेलमध्ये एअर धरली असणार, म्हणजे पाइपात हवा शिरली असणार. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्राइमर, म्हणजे हाताने दाबायचा दट्ट्या, मारत राहा. बुडबुडे संपून सलग डिझेल येऊ लागले की मारता मारताच स्क्रू आवळा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूचे तसेच करा. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आले की आवळा. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. नोझलच्या दाबाची धार कातडीत घुसते. तसे झाले तर जखम कितीही बारीक दिसो, तडक दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर धरली तर टाकी ते फीड पंप हा भाग तपासा: चिरलेला रबरी पाइप, चपटलेले तांब्याचे वायसर, फिल्टरचे वाकडे बसलेले रबर. इथे कधी कधी बाहेर थेंबही दिसत नाही, कारण फीड पंप तिथून हवा आत ओढतो.

पांढरा धूर येतो, पण पेट घेत नाही

डिझेल पोचते आहे, पण जळत नाही. थंडीत हीटर असल्यास तो वापरा. एअर क्लीनर चोंदला नाही ना, तेही पाहा. तरीही नाहीच, तर नोझल, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशनचे (हवा दाबली जाण्याचे) काम आहे. ते गॅरेजमध्येच करावे.

हे कृपया करू नका

एअर क्लीनरवर पेट्रोलचा बोळा धरू नका. अवेळी भडका उडून रिंगा-पिस्टन फुटतात, माणूसही भाजतो. सेल्फला पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून डायरेक्ट करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर चाक खाली उभ्या माणसावरून जाते.

मेस्त्रीला फोन करताना मॉडेल, सेल्फ कसा फिरतो, धुराचा रंग आणि शेवटचा फिल्टर कधी बदलला, एवढे सांगा. त्यावरून योग्य सामान घेऊनच तो बांधावर येईल.