कवडशातली धूळ आणि श्वासनळीतली ट्यूब

आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या कौलारू घरात दुपारी कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, बाजूच्या काळोखातही तेवढीच असते पण दिसत नाही. हवेतले कण मोजणारं यंत्र, म्हणजे ऑप्टिकल पार्टिकल काउंटर, याच गमतीवर चालतो, कणावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि सेन्सर ती चमक मोजतो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास झोत टाकून हवेतली धूळ अशीच दाखवली होती.

पुढे १९३४ मध्ये विल्यम वेल्स या संशोधकाने सांगितलं की खोकल्या-शिंकेतले बारीक थेंब जमिनीवर पडायच्या आधीच सुकतात आणि उरलेला कण हवेत तरंगत राहतो. म्हणजे विचार जुनाच. तरीपण ऑपरेशन थिएटरात भूल देताना, घशातून श्वासनळीत ट्यूब घालताना (म्हणजे इन्ट्युबेशन करताना) नक्की किती कण उडतात हे कोणी नीट मोजलंच नव्हतं!

मग ज्यात पेशंटच्या श्वासातले कण उडून स्टाफला लागण होते असं मानतात, त्या 'धोकादायक प्रोसिजर'ची यादी आली कुठून? २००३ च्या सार्सच्या साथीतून. कुठल्या कामानंतर किती स्टाफ आजारी पडला याचे अभ्यास २०१२ च्या एका आढाव्यात एकत्र केले, त्यात इन्ट्युबेशन करणाऱ्यांना धोका साधारण ६.६ पट आणि ट्रॅकिओस्टॉमीत (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत ट्यूब घालणं) ४.२ पट निघाला. पण ट्यूब घालणारा माणूस खोकणाऱ्या पेशंटच्या तोंडाशीच वाकलेला असतो, मग दोष ट्यूबचा की खोकल्याचा हे त्यावरून कसं कळणार? कोविडमध्ये मात्र चांगला मास्क कोणाला द्यायचा हे बऱ्याच ठिकाणी या यादीवरूनच ठरलं, वॉर्डातली नर्स राहिली बाजूला.

२०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या टीमने थिएटरात काउंटर लावला. मुद्दाम काढलेल्या खोकल्यात हवेच्या लिटरमागे सरासरी ७३२ कण, ट्यूब काढताना २१, आणि घालताना फक्त १.४. मला तर आधी वाटलं छपाईची चूक असेल. ट्रॅकिओस्टॉमीचा हिशोब अजून गुंतागुंतीचा, कारण त्यात डायथर्मीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, टिश्यू जाळला की धूरच एवढा होतो की पेशंटच्या श्वासातले कण त्यातून वेगळे काढणं मुश्कील, आणि कण मोजला म्हणजे त्यात व्हायरस आहे असंही नाही.

ही मोजणी जमली कारण त्या थिएटरची हवा फिल्टर करून अगदी स्वच्छ केलेली होती. आपल्याकडे खाडीकाठच्या एखाद्या हॉस्पिटलात खिडकी उघडी ठेवून तोच काउंटर लावला, तर तो आधी समुद्राचं मीठ मोजत बसेल, त्यात पावसाळी दमट हवेत ते कण पाणी शोषून फुगतात ते वेगळंच.