संयुक्त ताबा म्हणजे निम्मे-निम्मे दिवस?

‘घटस्फोटानंतर मुलाचा संयुक्त ताबा मिळाला की मूल पंधरा दिवस आईकडे, पंधरा दिवस बाबांकडे आणि मुलाची पोटगी बंद’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. ‘संयुक्त’ या शब्दामुळे तसं वाटणं साहजिकच. पण अनेक देशांचे कायदे दोन गोष्टी वेगळ्या धरतात: मूल राहणार कुठे, आणि शाळा, उपचार असे मोठे निर्णय घेणार कोण. निर्णय दोघांचे असूनही मुक्काम मुख्यतः एकाच घरी असू शकतो. खर्चाचा हिशेब तिसराच. त्यात दोघांचं उत्पन्नही बघितलं जातं, म्हणून दिवस समान झाले तरी पोटगी आपोआप थांबतेच असं नाही.

१९८९च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क कराराचं कलम ९ वाचून पाहा. दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा हक्क तिथे मुलाचा आहे (हिताला बाधक नसेल तर). आणि हातात न्यायालयाचा आदेश असेल, तर ताबा, भेटी, खर्च हे मुद्दे त्यात वेगवेगळे शोधा.