इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली ठेवा, मोबाइलची अर्धी

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही गावाला निघालो, तेव्हा गॅस, नळ बंद करता करता इन्व्हर्टरही बंद केला. आदल्या रात्री चार तास लाइट नव्हते, त्यामुळे बॅटरी बरीच उतरलेली होती. ती तशीच सहा आठवडे पडून राहिली. जूनमध्ये परतलो आणि पहिल्याच वादळात लाइट गेले, तर पंखा दहा मिनिटांत थांबला. जेमतेम दोन वर्षं वापरलेली बॅटरी कायमची बसली होती. जाताना ती पूर्ण चार्ज केली असती तर वाचली असती, याची हळहळ अजून आहे.

मोबाइलचं मात्र नेमकं उलटं आहे. वापरात नसलेला फोन महिनाभर कपाटात ठेवायचा असेल, तर तो साधारण निम्मा चार्ज करून बंद करावा. काठोकाठ भरून नको आणि पार रिकामाही नको. दोन्हींना आपण बॅटरीच म्हणतो, म्हणून एकीचे नियम दुसरीला लावतो आणि दोन्ही लवकर घालवतो.

बहुतेक घरांतल्या इन्व्हर्टरमध्ये शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडची बॅटरी असते. हा शोध 1859 मधला, फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांचा. बॅटरी उतरते तेव्हा शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि ॲसिड पातळ होत जातं. लगेच चार्जिंग मिळालं तर तो थर निघून जातो. बॅटरी तशीच पडून राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. म्हणून ही बॅटरी भरलेली असली की सुखी. इन्व्हर्टर सतत प्लगला असतो, याची काळजी करू नका. तो त्यासाठीच बनवलेला आहे. लाइट गेल्यावर मात्र शेवटची पिपाणी वाजेपर्यंत टीव्ही, पंखे चालवू नका. निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. चार्जिंग होताना आतल्या पाण्याचा थोडा भाग हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. झाकणावरच्या छोट्या नळीतली दांडी लाल खुणेपर्यंत खाली आली, की डिस्टिल्ड वॉटर टाकायची वेळ झाली. नळाचं पाणी, आरओचं पाणी, पावसाचं पाणी यातलं काहीही नको, आणि ॲसिड तर कधीच नको, कारण उडालेलं असतं ते पाणी. टाकतानाही हिरव्या खुणेच्या वर जाऊ नका, नाहीतर चार्जिंगच्या वेळी ॲसिड उतू येतं. प्लेटा उघड्या पडल्या तर मात्र नुकसान भरून येत नाही. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, तेव्हा महिन्यातून एकदा बघाच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने ती पुसा, कोरडं करा आणि वर व्हॅसलीन लावा. हे करताना डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, जवळ काडीपेटी नाही.

मोबाइल आणि लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली. तिच्यात पाणी टाकायचं नसतं, सल्फेटही नसतं. तिचे वैरी दोन: उष्णता आणि टोकं. पूर्ण भरली की आतला व्होल्टेज साधारण 4.2 होतो आणि त्या ताणात आतलं रसायन हळूहळू झिजतं. उष्णतेने ती झीज वाढते. म्हणून रोजचा वापर 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान ठेवणं चांगलं. रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी फुटेल ही भीती बहुधा अनाठायी आहे, कारण भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं. त्रास असतो तो पहाटेपर्यंत 100 टक्क्यांवर आणि तेही उशीखाली गरम होत पडून राहण्याचा. फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती जरूर चालू करा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका, हे मी सगळ्यांत आधी सांगेन.

'आधी पूर्ण उतरवा, मगच चार्ज करा' हा सल्ला अजून घरोघरी ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. तसल्या बॅटऱ्या कॉर्डलेस फोनमध्ये असायच्या. लिथियमला थोडं थोडं चार्जिंगच मानवतं. दिवसातून तीनदा लावला तरी बिघडत नाही. शिशाच्या बॅटरीला तर हा सल्ला विषासारखा आहे.

हल्ली काही इन्व्हर्टरही लिथियमवर चालतात. त्यांना पाणी लागत नाही, त्यामुळे बॅटरीवरचा शिक्का आधी वाचा.

फोनची पाठ फुगली तर तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. थेट दुरुस्तीच्या दुकानात न्या. शिशाची जुनी बॅटरी दुकानदार नवी देताना परत घेतो आणि तिचे पैसे वजा करतो, तेव्हा ती भंगारवाल्याला फोडायला देऊ नका.