वर्गातला रोमन सम्राट : तो कुठून आला आणि कसा बदलला

शाळेत रोमन सम्राटांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास येतात. रोम जळत असताना नीरो वाद्य वाजवत बसला होता आणि कॅलिग्युलाने आपल्या घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, केलं. मुलांना या गोष्टी आवडतात, लक्षातही राहतात. पण मूळ साधनं उघडली की चित्र वेगळं दिसतं. घोडा कॉन्सल झालाच नाही. त्याला संगमरवरी तबेला आणि हस्तिदंती गव्हाण होती, आणि त्याला कॉन्सल करण्याचा बेत होता 'असं म्हणतात', एवढंच चरित्रकार सुएटोनियस लिहितो. इ.स. ६४ च्या जुलैमध्ये रोमला आग लागली तेव्हा नीरो दूर अँटियमला होता, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. परतल्यावर त्याने बेघर लोकांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या आणि धान्याचा भाव उतरवला, हेही टॅसिटसच सांगतो. रोम जळताना नीरो गात होता ही गोष्ट तो देतो, पण पसरलेली अफवा म्हणून. नीरो काही सज्जन नव्हता. त्याने आईचा खून करवला, याबद्दल प्राचीन लेखकांत दुमत नाही. तरीही जे पुराव्यात अफवा म्हणून आहे, ते आपण वर्गात घडलेली घटना म्हणून सांगत आलो आहोत.

हे कसं झालं, याचं मूळ बऱ्याच अंशी सुएटोनियसच्या लेखनपद्धतीत आहे. तो काही काळ सम्राट हेड्रियनच्या पत्रव्यवहाराचं काम पाहत होता. ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत बारा जणांची चरित्रं त्याने लिहिली. त्यात तो वर्षांमागून वर्षं सांगत जात नाही, कप्पे पाडतो : घराणं, पदं, बांधकामं, खेळ-तमाशे, गुण, दुर्गुण, चेहरामोहरा, अपशकुन, मृत्यू. वाचायला आणि पाठ करायला ही मांडणी फार सोयीची. नवव्या शतकात शार्लमेनचं चरित्र लिहिणाऱ्या आइनहार्डने हाच नमुना समोर ठेवला. १५१८ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने सुएटोनियसची आवृत्ती सिद्ध केली आणि छापखान्यामुळे हे बारा सीझर युरोपभर पोहोचले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्यांचे अर्धपुतळे ओळीने मांडले जाऊ लागले. चांगला सम्राट, वाईट सम्राट असा जो तक्ता आजही फळ्यावर काढला जातो, त्याची पाळंमुळं इथे आहेत.

टॅसिटसची दृष्टी याहून खोल, पण तो स्वतः सिनेटमधला, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेतला माणूस. सम्राटांमुळे ज्या वर्गाचं सर्वांत जास्त नुकसान झालं, त्याच वर्गातून तो लिहितो. त्यामुळे सिनेटशी ज्याचं जमलं तो चांगला आणि ज्याने सिनेटरांना मारलं तो राक्षस, हा निवाडा त्या वर्गाचा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं. नीरोच्या मृत्यूनंतर पूर्वेकडच्या प्रांतांत 'मीच नीरो' म्हणणारे तोतये उभे राहिले आणि त्यांना पाठीराखेही मिळाले. सिनेटचा निवाडा सगळ्यांचा असता तर हे घडलं नसतं.

१७७६ मध्ये इंग्रज इतिहासकार गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड आला. डोमिशियनच्या मृत्यूपासून कॉमोडसच्या राज्यारोहणापर्यंतचा, म्हणजे इ.स. ९६ ते १८० चा काळ मानवजातीचा सर्वांत सुखाचा काळ होता, असं त्याने त्यात लिहिलं. ते सुख कोणाचं, हा प्रश्न पुढे बराच काळ पाठ्यपुस्तकांत आला नाही.

ब्रिटिश साम्राज्याच्या शाळांनी तर हा विषय कारभार शिकवण्याच्या कामी लावला. १८५५ मध्ये हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. मेकॉलेच्या समितीने तिच्यासाठी जे गुण सुचवले, त्यांत लॅटिनला ७५० आणि ग्रीकला ७५० होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीलाही ३७५. आपल्या जिल्ह्यांत जे साहेब आले, त्यांतल्या पुष्कळांची राज्यकारभाराची पहिली ओळख रोमच्या पुस्तकांतून झालेली होती. सम्राट वरून पाहायचा आणि प्रजा नकाशावर रंगवायची, ही दृष्टी त्या अभ्यासक्रमातून आली, असं मला वाटतं, आणि आपल्या जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तिचा ठसा स्पष्ट आहे.

दरम्यान जमिनीतून आणि भिंतींवरून दुसराच पुरावा जमा होत होता. १५५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग दरबाराचा राजदूत बुसबेक अंकाराला पोहोचला, तेव्हा तिथल्या मंदिराच्या भिंतीवर ऑगस्टसने स्वतः सांगितलेला आपल्या कारकिर्दीचा वृत्तान्त कोरलेला आढळला. रोममधली कांस्यावरची मूळ प्रत केव्हाच नाहीशी झाली आहे. त्यात ऑगस्टस किती पैसे वाटले, किती मंदिरं दुरुस्त केली याचा हिशेब देतो आणि रोममध्ये दोन लाखांहून थोड्या अधिक लोकांना आपण पैसे दिल्याचं नोंदवतो. सम्राटाला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं, हे इथे थेट वाचता येतं. तसंच, काय गाळलं हेही शोधता येतं : यादवी युद्धातल्या शत्रूंची नावं तो घेतच नाही.

१७२६ मध्ये रोमजवळ आप्पियन रस्त्यावर ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या नोकर-गुलामांचं सामुदायिक दफनस्थान सापडलं. रक्षापात्रांच्या कोनाड्यांजवळ माणसांची नावं आणि कामं कोरलेली आहेत. केशरचना करणारी, कपड्यांची व्यवस्था पाहणारा, पादत्राणांचं काम पाहणारा, वैद्य, मोती जडवणारा. राजवाड्यातलं आयुष्य शिकवायचं तर मेजवान्यांच्या वर्णनापेक्षा ही यादी मुलांपुढे ठेवावी. एका बाईच्या सकाळच्या तयारीला किती हात लागत, आणि त्या हातांना स्वतःची नावं होती, हे त्यातून कळतं. यातले काही गुलाम होते, काही मुक्त झालेले. क्लॉडियसच्या काळात तर नार्सिसस आणि पल्लास हे मुक्त गुलाम साम्राज्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळत होते आणि सिनेटर त्यांच्याकडे खेटे घालत होते.

शाळेतला मोठा बदल मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि त्याचं कारण व्यावहारिक होतं. १९६० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने प्रवेशासाठीची लॅटिनची सक्ती काढली. विद्यार्थी हातचे जाणार हे दिसल्यावर शिक्षकांना विषय नव्याने मांडावा लागला. १९७० मध्ये आलेल्या केंब्रिजच्या लॅटिन पाठ्यक्रमाची सुरुवात सम्राटापासून होत नाही, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या केसिलियस नावाच्या सावकाराच्या घरापासून होते. हा माणूस खरा. १८७५ मध्ये त्याच्या घरात मेणाच्या लेखनपट्ट्यांची पेटी सापडली होती, त्यात लिलावांच्या आणि भाड्याच्या पावत्या होत्या. आधी घर, रस्ता, बाजार, आणि मग हळूहळू वर राजवाडा, हा क्रम तिथून रुळला.

इतिहासकारांचा सम्राटही त्याच सुमारास बदलला. १९७७ मध्ये फर्गस मिलर यांनी शिलालेख, पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख), पत्रं, कायद्याचे ग्रंथ असा अफाट पुरावा मांडून सांगितलं की सम्राटाचा बराचसा दिवस अर्ज ऐकण्यात आणि उत्तरं देण्यात जाई. त्या मांडणीवर वाद झाले, कारण युद्ध आणि धोरण त्यात मागे पडतं. पण शिकवणाऱ्याच्या हाती फार मोलाचं साधन आलं. प्राचीन इतिहासकार कॅसियस डायोने सांगितलेली एक गोष्ट घ्या. प्रवासात एका बाईने हेड्रियनला अडवून गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, वेळ नाही. ती म्हणाली, मग सम्राट राहू नकोस. तो वळला आणि त्याने तिचं ऐकून घेतलं. अशीच गोष्ट आधीच्या ग्रीक राजांबद्दलही सांगितली जाते, म्हणून ती घडली की नाही यापेक्षा लोकांची राजाकडून काय अपेक्षा होती, हे तिच्यातून शिकावं.

प्रत्यक्ष अर्ज कसा असे, हे इ.स. २३८ च्या स्काप्टोपारा गावच्या शिलालेखात दिसतं. आजच्या बल्गेरियातलं हे गाव. गावात गरम पाण्याचे झरे, आणि दोन मैलांवर १ ऑक्टोबरपासून १५ दिवस मोठी जत्रा. जत्रेला आलेले लोक तिथे न राहता गावात घुसतात, फुकट मुक्काम आणि जेवण मागतात. सैनिक येतात, अधिकारीही झऱ्यांच्या निमित्ताने येतात. पैसे कोणी देत नाही. गावकरी सम्राट तिसऱ्या गॉर्डियनला लिहितात की हे थांबलं नाही तर आम्ही वाडवडिलांची घरं सोडून जाऊ, आणि मग तुमच्या खजिन्यालाही आमच्याकडून काही मिळणार नाही. हा अर्ज गावचाच एक माणूस, सम्राटाच्या पहारा-दळातला सैनिक पिर्रस, याच्यामार्फत सम्राटापर्यंत पोहोचला. उत्तर चार ओळींचं : ही तक्रार आधी प्रांताधिकाऱ्याकडे न्यावी. गावाने तरीही सगळं दगडावर कोरून उभं केलं, म्हणजे पुढच्या वेळी दारात आलेल्या सैनिकाला दाखवता येईल. वेठ आणि फुकटचा सरकारी पाहुणचार गावाला किती महाग पडतो, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यातल्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या मते सम्राट शिकवायला सुरुवात इथून करावी. नीरो नंतर येऊ दे.

भारतात अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातलं रोमवरचं प्रकरण या नव्या वळणाचं आहे. तिथे सम्राट, अभिजन आणि सैन्य असे सत्तेचे तीन घटक मांडलेत, गुलामगिरी आणि मजुरीवर वेगळी चर्चा आहे. त्यात शिक्षकाने आपल्या भागातला पुरावा जोडावा, तो भरपूर आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने तक्रार केली होती की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. आकडा फुगवलेला असेल, पण व्यापार खराच होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. उलट दिशेने, १९३८ मध्ये पॉम्पेईत भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ती आता नेपल्सला आहे, आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालन्याजवळच्या भोकरदनला सापडल्या आहेत. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेली, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोहोचली होती. तेरच्या संग्रहालयात नेलेल्या वर्गाला ही तारीख सांगून विचारावं की त्या वेळी रोममध्ये सम्राट कोण होता, इथे सत्ता कोणाची होती आणि मूर्ती कोणत्या बंदरातून गेली असेल. पहिल्या दोन प्रश्नांना पुस्तकात उत्तरं आहेत. तिसऱ्यासाठी मुलांना भडोच, सोपारा आणि कल्याण नकाशावर शोधावे लागतील.