सॉफ्टनरचं पाणी आणि डीएम पाणी: काच पुसणार की वाळू देणार?

"सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय, तरी काचांवर पांढरे डाग पडतातच." पुण्यात हिंजवडी, वाघोलीकडे, जिथे बोअर आणि टँकरशिवाय भागत नाही, तिथल्या सोसायट्यांत ही तक्रार नेहमीची आहे. सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र. मग सॉफ्टनरवाल्याला बोलावतात. तो मीठ वाढवतो, टाकीतलं रेझिन (क्षार पकडणारे बारीक मणी) बदलायला सांगतो, आणि डाग होते तिथेच राहतात. खरं तर सॉफ्टनर बहुतेक वेळा नीटच चालत असतो. डाग न पडू देणं हे त्याचं कामच नाही.

काच धुण्याच्या धंद्यात दोन प्रकारचं 'चांगलं' पाणी वापरतात. एक सॉफ्टनरमधून निघालेलं हलकं पाणी, शाळेच्या पुस्तकातलं सुफेन पाणी. दुसरं डीएम पाणी, म्हणजे डिमिनरलाइज्ड, ज्यातले विरघळलेले क्षार काढून टाकलेले असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आपण कॅन आणतो, त्यात बहुधा हेच असतं. दोन्ही पाणी नितळ दिसतं, दोन्ही रेझिन भरलेल्या टाकीतून येतं, आणि विकणारे दोन्हींना 'ट्रीटेड वॉटर' म्हणतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं खपून जातं. काच पुसून कोरडी करणार असाल तर ते चालूनही जातं. काच ओलीच सोडून वाळू देणार असाल तर अजिबात चालत नाही.

फरक डोळ्यांनी बघता येतो. काळ्या काचेचा तुकडा घ्या, नाहीतर घासून लख्ख केलेलं स्टीलचं ताट. त्यावर शेजारी शेजारी तीन थेंब टाका: एक बोअरच्या पाण्याचा, एक सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याचा, एक डीएम पाण्याचा. उन्हात वाळू द्या. बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं उमटेल, कडेला दाट आणि मध्ये विरळ. थेंब कडेने लवकर सुकतो. तिथली तूट भरायला आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि विरघळलेलं सगळं सोबत घेऊन जातं. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या डागाचा अभ्यास करून हे १९९७ मध्ये मांडलं. काचेवरचा डाग टिपक्यासारखा न दिसता गोल रिंगणासारखा दिसतो तो यामुळेच.

आता मधल्या थेंबाकडे बघा. सॉफ्टनरच्या पाण्याचंही कडं उमटलेलं असेल, जवळपास तेवढंच ठळक. इथेच बहुतेकांना आश्चर्य वाटतं. ओलं बोट दोन्हींवरून फिरवा. सॉफ्टनरचं कडं विरघळून बऱ्यापैकी निघून जाईल. बोअरचं बोटाखाली खरखरेल आणि जागचं हलणार नाही. तिसऱ्या जागी, ताट तिरकं धरून उजेडात पाहिलं तरी, थेंब कुठे होता ते शोधावं लागेल.

टाकीत नेमकं काय होतं

दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका विरघळलेले असतात. पाणी जड होतं ते यांतल्या पहिल्या दोघांमुळे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर थर चढतो, हा सगळा त्यांचा प्रताप.

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात आणि त्यांच्यावर सोडियम धरून ठेवलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. मण्यांवरचं सोडियम संपलं की मिठाचं पाणी फिरवून ते पुन्हा भरायचं. कोपऱ्यात रचलेल्या मिठाच्या गोण्या त्यासाठीच. म्हणजे सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियमच्या एका आयनाच्या जागी सोडियमचे दोन येतात, त्यामुळे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं तर ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. मॅग्नेशियमच्या बाबतीत २४ च्या जागी ४६. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण वजन कमी होत नाहीच, उलट किंचित वाढतं. बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, सिलिका यांना तर सॉफ्टनर हातही लावत नाही.

हा बदल गिझरसाठी, नळांसाठी, कपड्यांसाठी मोलाचा आहे. कॅल्शियमचा कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा थर बसतो. सोडियमचे क्षार सहज विरघळतात, म्हणून थर धरत नाहीत. पण काचेवर पाणी उडून गेल्यावर विरघळायला पाणीच उरत नाही. जे होतं ते तिथेच पांढरं पडून राहतं. मिठाचं पाणी फिरवून झाल्यावर (याला रीजनरेशन म्हणतात) टाकी नीट खळखळून घेतली नाही तर पहिल्या पाण्यात मीठच उतरतं, आणि त्या दिवशी धुतलेल्या काचा न धुतलेल्या बऱ्या होत्या असं म्हणायची वेळ येते.

डीएमच्या टाकीत दोन वेगवेगळी रेझिन असतात, बहुतेकदा एकत्र मिसळलेली. एक रेझिन कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे सगळे धन आयन पकडतं आणि बदल्यात हायड्रोजन सोडतं. दुसरं क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, सिलिका पकडतं आणि हायड्रॉक्सिल सोडतं. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल एकत्र आले की पाणीच तयार होतं. देवाणघेवाण इथेही आहे, पण बदल्यात येतं ते पाणी, त्यामुळे वाळल्यावर मागे उरायला काही राहत नाही. आधीच्या काळात झिओलाइटवर चालणारी सॉफ्टनरं होती, ती फक्त धन आयनांची अदलाबदल करत. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिन तयार केली, त्यांत ऋण आयन बदलणारंही होतं. ही जोडी जमल्यावरच रेझिनमधून सगळे क्षार काढण्याची वाट मोकळी झाली.

थोडं गणित करू. एक चौरस मीटर काच धुऊन सोडली आणि तिच्यावर ३० मिलिलिटर पाणी राहिलं असं धरा. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी असेल तर वाळल्यावर १५ मिलिग्रॅम पांढरी पूड काचेवर उरते, तीही सारखी पसरलेली नाही, तर कड्याकड्यांनी गोळा झालेली. १० मिलिग्रॅमचं पाणी असेल तर ०.३ मिलिग्रॅम. शून्याला टेकलेलं असेल तर प्रश्नच मिटला. इथे हेही लक्षात घ्या की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पोटासाठी उत्तम असलेलं पाणी काचेसाठी वाईट असू शकतं, आणि त्यात पाण्याचा काही दोष नाही.

मीटर कोणता

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर तो लावला तर आकडा जवळपास तोच दिसणार. त्यावरून "सॉफ्टनर बंद पडलाय" असं भांडण काढलेले चेअरमन आणि सेक्रेटरी मी पाहिलेत. सॉफ्टनर तपासायचा तर हार्डनेस किट हवं: पाण्यात निर्देशक घालायचा, वाइनसारखा तांबडा रंग येतो, मग कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं ईडीटीए हे रसायन थेंब थेंब सोडायचं आणि रंग निळा व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं. पहिल्यापासूनच निळा आला तर सॉफ्टनर उत्तम चाललाय.

डीएम पाण्याला मात्र टीडीएस मीटरच लावायचा, आणि तोही काम सुरू करताना ब्रशच्या तोंडाशी. या धंद्यात साधारण १० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅमच्या) आत पाणी चालतं असं धरतात. माझं मत यापेक्षा कडक आहे. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी निसटते ती सिलिका, कारण रेझिनची तिच्यावरची पकड सगळ्यात सैल असते. सिलिका वीज जवळजवळ वाहून नेत नाही, त्यामुळे मीटरला ती दिसतच नाही. मीटरवर आकडा चढायला लागतो तेव्हा काचेवर सिलिका उतरायला सुरुवात झालेली असू शकते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच, म्हणून शून्य हलून आकडा स्थिरपणे वर जायला लागला की रेझिन बदलावं. दहाची वाट बघू नये.

घरच्या आरओबद्दलही विचारतात. आरओचा पडदा बहुतेक क्षार अडवतो, पण पिण्याच्या यंत्रात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची कार्ट्रिज लावतात. त्यामुळे नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मुद्दामच बराच वर ठेवलेला असतो. ते पाणी काचेवर वाळवलं तर डाग पडणारच. काच धुणाऱ्यांचा आरओ वेगळा, त्यात काही परत मिसळत नाहीत, आणि त्याच्या पुढे डीएमची टाकी जोडतात. यामागे सरळ हिशेब आहे. ४०० पीपीएमचं पाणी थेट डीएममध्ये सोडलं तर रेझिन भराभर संपतं. आरओने ते आधी २० वर आणलं तर तेवढंच रेझिन ढोबळमानाने वीसपट पाणी देतं. मिसळलेलं रेझिन मिठाने ताजं होत नाही. दोन्ही प्रकार वेगळे करून एकाला आम्ल आणि दुसऱ्याला कॉस्टिक द्यावं लागतं, म्हणून ते बहुधा पुरवठादाराकडेच पाठवतात.

सॉफ्टनरलाही या साखळीत जागा आहे, अगदी सुरुवातीला. जड पाणी आरओच्या पडद्यावर चुना बसवतं. आधी सॉफ्टनर असेल तर पडदा टिकतो. क्लोरीन असलेलं पाणी असेल तर कार्बनचा फिल्टरही लागतो, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो.

कुणाला कुठलं पाणी

दोरीवरून किंवा गोंडोलातून (इमारतीवरून टांगलेल्या पाळण्यातून) बादली, साबण आणि वायपर घेऊन काच पुसणाऱ्या कामगाराला सॉफ्टनरचं पाणी अगदी योग्य. वायपरचं रबर पाणी ओढून काढतं, काचेवर वाळायला फारसं काही उरत नाही, आणि कडेला राहिलेली धार फडक्याने टिपली जाते. आजचा हलका, एका रबराचा वायपर कॅलिफोर्नियातल्या एत्तोरे स्तेक्कोने यांचा. त्यांचं पेटंट १९३६ चं. जड पाण्यात साबणाची साय तयार होते, रबर अडखळतं आणि काचेवर पट्टे उठतात. हलक्या पाण्यात साबण नीट चालतो, हातही हलका चालतो. इथे डीएम पाणी वापरणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही वाया घालवणं, कारण साबण पडला की शुद्धतेचा प्रश्नच उरत नाही.

डीएम पाणी हवं ते लांब पोलच्या कामाला. ब्रश लावलेला दुर्बिणीसारखा लांबणारा पोल, त्यातून चढणारं पाणी, माणूस जमिनीवर उभा राहून घासतो, खळखळून धुतो आणि काच तशीच सोडून देतो. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, जे काम खालून होईल ते खालून करावं असा त्यांचा आग्रह होता, आणि ही पद्धत तिथे पसरायला त्याची मोठी मदत झाली. माणूस शिडीवर चढत नाही ही गोष्ट मला डाग न पडण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. आपल्याकडे छतांवर सोलर पॅनेल वाढतायत, तिथेही हेच लागू: धुऊन वाळू द्यायचं असेल तर डीएम, आणि बोअरच्या पाण्याने धुणार असाल तर पॅनेल वायपरने लगेच कोरडं करायचं.

डीएम पाणी वापरूनही पहिल्या खेपेला डाग पडतात, तेव्हा काचेच्या वरची चौकट बघा. तिच्या खाचेत आणि रबरी पट्टीत साठलेली धूळ नंतर हळूहळू ठिबकत राहते. म्हणून चौकट आधी धुवायची, थोडं थांबायचं, मग काच. शुद्ध पाणी मळ आपोआप खेचून काढतं असं विकणारे सांगतात. मळ ब्रशनेच निघतो. पाण्याचं काम तो वाहून नेणं आणि स्वतःचं काही मागे न ठेवणं, एवढंच.

आणि जुने, बसलेले डाग यांतल्या कुठल्याच पाण्याने जात नाहीत. चुन्याचे असतील तर सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरने सैल होतात, फक्त ते खिडकीखालच्या संगमरवरावर किंवा कोटा फरशीवर ओघळू देऊ नका. सिलिकाचे असतील तर काच पॉलिशच करावी लागते. बाजारात झटपट डाग काढणारी काही द्रावणं मिळतात. बाटलीवर हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तर ती आपल्या इमारतीत येऊ देऊ नका. ते काच खातंच, शिवाय पातळ असेल तर कातडीवर लगेच आगही होत नाही. ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरतं आणि त्रास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. ठेकेदाराला काम देताना तो कुठलं रसायन आणणार आहे ते लिहून घ्या, कारण ती बाटली हाताळणाऱ्या पोराला बहुतेक वेळा तिच्यात काय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.